फोडलं म्हणजे रद्द झालं नाही

पत्त्यांच्या डावात दोघांनी एकाच वेळी "माझं आधी" म्हटलं, की जाफराबादेत निकाल लावायच्या दोनच रीती आहेत. ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी. आणि आवाज सारखेच निघाले तर पत्ते ज्याच्या बापानं घेऊन दिलेत त्याचं. पत्त्यावर काय लिहिलंय ते वाचून ठरवणं ही तिसरी रीत आमच्याकडे भांडखोरपणाची खूण समजली जाते. "लई वाचून दाखवू नको" हे वाक्य मी माझ्या ओट्यावरच्या लेकरांच्या तोंडून ऐकलंय आणि तहसीलच्या आवारात मोठ्यांच्या तोंडूनही. चाल एकच, फक्त आवाज फुटलेला.

मी तिसऱ्या रीतीच्या बाजूचा आहे. "पत्तेच तर आहेत, जाऊ द्या ना भाऊ" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी इथंच थांबावं. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर पुष्कळ माल आहे.

आधी बाजारातला माल पाहू. खेलना आणि पूर्णेच्या संगमावरचं आमचं हे तालुक्याचं गाव. इथं कापूस, सोयाबीन, बियाणं, सगळ्याची पारख करणारी माणसं आहेत. बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी सांगणारे आहेत. पण तोच माणूस लेकराचा हात धरून स्टेशनरीच्या दुकानात शिरतो आणि टांगलेल्या सोनेरी पोकेमॉन पत्त्यांचं पाकीट न बघता घेऊन देतो. प्लास्टिकवर सोनेरी मुलामा, मधोमध चित्र, खाली इंग्रजीसारखं दिसणारं काहीतरी. वाक्य मध्येच तुटलेलं, स्पेलिंग आजारी, आकडे वाट्टेल तसे. खऱ्या चॅरिझार्ड व्हीमॅक्सचा एचपी 330 असतो. आमच्याकडच्या चॅरिझार्डचा एचपी छापणाऱ्याच्या मूडवर असतो.

त्या पत्त्यांनी लेकरं काय खेळतात? दोघं एकेक पत्ता टाकतात, एचपी बघतात, मोठा आकडावाला दोन्ही उचलतो. नाहीतर पत्ता जमिनीवर ठेवून तळहाताची थाप मारतात. उलटला तर तुझा. पहिल्या प्रकारात डोकं लागत नाही, दुसऱ्यात निदान हात तरी लागतो. 1996 साली जपानात आलेल्या मूळ खेळात 60 पत्त्यांचा संच असतो, सहा बक्षीसपत्ते बाजूला काढून ठेवायचे असतात, हल्ला करायला ऊर्जेचे पत्ते आधी जोडावे लागतात. एचपी हा त्यातला एक आकडा, तोही मार किती खाता येईल एवढंच सांगणारा. दुकानदाराला मी एकदा नियमांचा कागद मागितला. तो म्हणाला, "काका, नियम कशाला पाहिजेत, लेकरं आपोआप शिकतात." आपोआप काय शिकतात ते आपण पाहतोच आहोत. आकडा मोठा असला की वाचायची गरज नसते, हे शिकतात.

पोकेमॉनचं एक बरं आहे, तो खेळ मुळातच सरळ आहे. तुझा डाव चालू असताना मी मध्ये तोंड घालू शकत नाही. खरी भांडणं सुरू होतात ती मध्ये तोंड घालायची मुभा असलेल्या खेळांत, म्हणजे यू-गी-ओ आणि मॅजिक: द गॅदरिंगमध्ये. माझ्याकडे दोन्ही खेळांचे संच आहेत. काही विकत घेतलेले, बरेचसे झेरॉक्स काढून जुन्या पत्त्यांवर चिकटवलेले. गल्लीतली लेकरं त्यांनी खेळतात, आणि अडलं की माझ्याकडे येतात. अडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी.

समजा तुमचे चार मॉन्स्टर मैदानात हल्ल्याच्या पवित्र्यात आहेत. एकानं हल्ला जाहीर केला. समोरच्यानं पालथा ठेवलेला ट्रॅप उलटला: मिरर फोर्स. हल्ल्याच्या पवित्र्यातले तुमचे सगळे मॉन्स्टर खलास करणारा. तुमच्या हातात मिस्टिकल स्पेस टायफून आहे: मैदानावरचा कुठलाही एक स्पेल किंवा ट्रॅप फोडा. तुम्ही तो थेट मिरर फोर्सवर मारता. काय होईल?

ओट्यावरचं प्रत्येक लेकरू इथं उडी मारतं. "फोडला! वाचलो!"

वाचला नाहीत. एका पत्त्याला उत्तर म्हणून दुसरा टाकला की चेन बनते. मिरर फोर्स हा तिचा पहिला दुवा, टायफून दुसरा. आणखी कोणाला काही जोडायचं नसेल तर चेन शेवटाकडून सुटते. आधी टायफूनचं काम होतं: मिरर फोर्सचा पत्ता फुटून स्मशानात जातो. मग पहिल्या दुव्याची पाळी येते, आणि मिरर फोर्सचा परिणाम जसाच्या तसा लागू होतो. तुमचे चारही मॉन्स्टर गेले, वर टायफूनही गेला. पत्ता मेला, पण त्यानं सुरू केलेलं काम मेलं नाही. तहसीलदाराची बदली झाली म्हणून त्यानं काल सही केलेला आदेश आपोआप रद्द होत नाही, हे गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला कळतं. फेरफाराच्या एका सहीसाठी चपला झिजवल्यावर ते कळणारच. तेच त्याच्या लेकराला पत्त्यांत कळत नाही, कारण कोणी सांगितलंच नाही.

रद्द करायचं असेल तर "रद्द करतो" असं लिहिलेला पत्ता लागतो. टायफूनवर तसं लिहिलेलं नाही. त्यावर "फोडा" एवढंच लिहिलंय, आणि तो तेवढंच करतो. यू-गी-ओ खेळणाऱ्या जगभरच्या नवशिक्यांची ही पहिली चूक आहे, त्यामुळे जाफराबादेतल्या लेकरांना मी दोष देत नाही. दोष देतो तो उत्तर ऐकल्यावर तोंड वाकडं करून "हे काहीतरी वकिली आहे" म्हणणाऱ्या मोठ्यांना.

वकिली आहेच. पुढचीही ऐका. त्याच टायफूननं कॉल ऑफ द हॉन्टेड हा ट्रॅप त्याच चेनमध्ये फोडला, तर मात्र तो काहीच करू शकत नाही. का? तो पत्ता मैदानावर टिकून राहून काम करणाऱ्या जातीचा आहे. काम करायची वेळ येते तेव्हा तो जागेवर असावा लागतो. मिरर फोर्स एकदाच उडणारा, हा बसून राहणारा. म्हणजे "फोडल्यावर काय होतं?" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणत्या जातीचा पत्ता, हे आधी बघावं लागतं. (या देशात जात न बघता काही ठरत नाही, असा टोमणा मला सुचला होता. पण इथं जात पत्त्याच्या पोटावर स्पष्ट छापलेली असते आणि ती सगळ्यांना सारखीच लागू होते, त्यामुळे टोमणा बसत नाही.)

कोण कोणाला मध्ये अडवू शकतो याच्याही पायऱ्या आहेत. साधे स्पेल आणि मॉन्स्टरचे नेहमीचे परिणाम पहिल्या वेगाचे. ते कोणाला उत्तर म्हणून टाकताच येत नाहीत. झटपट स्पेल, ट्रॅप आणि काही मॉन्स्टरचे चपळ परिणाम दुसऱ्या वेगाचे. काउंटर ट्रॅप तिसऱ्या वेगाचे, आणि तिसऱ्याला फक्त तिसराच उत्तर देऊ शकतो. चौथा वेग नाही. याच तिसऱ्या वेगातला सॉलम जजमेंट हा पत्ता खरोखर रद्द करतो. मॉन्स्टरचं उतरणंच रद्द करून त्याला फोडतो. त्याची किंमत मात्र आहे: स्वतःचे अर्धे लाइफ पॉइंट. 8000 असतील तर 4000 गेले. आणि ही किंमत परिणामाच्या आधी, पत्ता उलटतानाच मोजायची. समोरच्यानं तुमचा जजमेंटही दुसऱ्या काउंटर ट्रॅपनं रद्द केला तर? 4000 गेलेच. परत मिळत नाहीत.

यावर ओट्यावर रडारड होते. "रद्द झालं ना, मग माझे पॉइंट परत दे!" लेकराचं रडणं मला समजतं. पण शेजारी उभा असलेला एखादा मोठा माणूस "दे रे त्याचे परत, लहान हाय" म्हणतो तेव्हा माझं डोकं फिरतं. तुम्ही त्याला दया शिकवत नाही आहात. किंमत मोजून घेतलेला निर्णय आणि उसना घेतलेला निर्णय यांतला फरक पुसून टाकताय. हाच मुलगा उद्या क्लासची फी भरून अर्ध्यात सोडेल, आणि तुम्हीच त्या क्लासच्या दारात भांडायला जाल.

लेकरं हे असलं अर्धवट ज्ञान आणतात कुठून? टीव्हीवरून. यू-गी-ओची मालिका ज्यांनी कार्टून नेटवर्कवर पाहिली, त्या माझ्या वयाच्या पोरांनी नियमांची पहिली वाट तिथंच लावून घेतली. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत एका डावात नायक आपल्या दगडी शिपायाला थेट चंद्रावर हल्ला करायला लावतो. चंद्र फुटला, भरती ओसरली, पाण्यात लपलेले शत्रूचे मॉन्स्टर उघडे पडले, नायक जिंकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणत्या नियमात बसतं हे? कोणत्याच नाही. काझुकी ताकाहाशींची मूळ चित्रकथा 1996 मध्ये सुरू झाली तेव्हा आज आपण खेळतो ते पत्ते बाजारात नव्हतेच; कोनामीचा खेळ जपानात 1999 मध्ये आला आणि इंग्रजीत 2002 मध्ये. गोष्टीला नियमांची गरज नव्हती, ताण हवा होता. आमची पिढी गोष्ट पाहून खेळ खेळायला बसली, आणि अजून आम्ही चंद्रावर हल्ले करतोय.

आजच्या लेकरांचं वेगळं दुखणं आहे. त्यांच्या हातात 2022 मध्ये आलेलं मास्टर ड्युएल नावाचं ॲप असतं. ॲप सगळं स्वतः करतं. उत्तर देता येत असेल तेव्हा पडद्यावर विचारतं, देता येत नसेल तेव्हा पुढे सरकतं. चेन स्वतः बांधतं, स्वतः सोडतं. त्यामुळे मोबाइलवर भल्याभल्यांना हरवणारं पोरगं माझ्या ओट्यावर खरे पत्ते हातात धरलं की आंधळं होतं. त्याला नियम येत नसतो, बटण येत असतं. पण या पोरांनी एक गोष्ट मात्र अचूक हेरलीये: पडदा क्षणभर अडला, की समोरच्याकडे काहीतरी आहे. तेवढ्यावर ते डाव बदलतात. ही हुशारी खरी आहे, फक्त ती खेळापेक्षा पोलीस ठाण्यात जास्त कामाची.

मॅजिकवाल्यांनी हाच गुंता दुसऱ्या रीतीनं सोडवलाय, आणि माझ्या मते जास्त सभ्यपणे. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं 1993 मध्ये हा खेळ काढला. पहिली काही वर्षं मध्ये तोंड घालायचे नियम इतके खिचडी होते की काही पत्त्यांना "इंटरप्ट" अशी वेगळी जात द्यावी लागली. 1999 मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर सगळं मोडून "स्टॅक" आणला: जे शेवटी टाकलं ते आधी सुटेल. इथवर यू-गी-ओसारखंच. फरक असा, की यू-गी-ओची चेन एकदा सुटायला लागली की शेवटपर्यंत सुटते, मध्ये कोणी बोलायचं नाही. मॅजिकमध्ये वरचा एक परिणाम सुटला की पुन्हा थांबायचं, पुन्हा दोघांना विचारायचं: काही म्हणायचंय का? दोघांनी लागोपाठ "नाही" म्हटलं तरच पुढचा. दोघांचे परिणाम एकाच क्षणी उठले तर ज्याचा डाव चालू आहे त्याचे आधी स्टॅकवर जातात, दुसऱ्याचे वर, म्हणून दुसऱ्याचे आधी सुटतात. आणि एक पत्ता "करता येईल" म्हणत असेल आणि दुसरा "करता येणार नाही", तर "येणार नाही" जिंकतं. बस. एवढं ठरवून ठेवलं की अर्ध्या भांडणांची हवा जाते.

नियम लिहिणाऱ्यांची मात्र मी आरती करणार नाही. कोनामीनं काही ठिकाणी असा घोळ घालून ठेवलाय की आमच्या एखाद्या शासन निर्णयाला लाज वाटावी. सगळ्यात नावाजलेला म्हणजे "टायमिंग हुकणं". पेटन द डार्क क्लाउन नावाचा एक विदूषक आहे. तो स्मशानात गेला की, हवं असल्यास, त्याला खेळातून बाहेर काढून दुसरा पेटन मैदानात आणता येतो. आता त्याचा बळी देऊन तुम्ही मोठा मॉन्स्टर उतरवला. पेटन स्मशानात गेला ना? गेला. दुसरा पेटन येईल? नाही! कारण पत्त्यावर "जेव्हा" लिहिलंय आणि "हवं असल्यास" लिहिलंय. अशा वेळी स्मशानात जाणं ही अगदी शेवटची घडलेली गोष्ट असावी लागते. इथं शेवटची गोष्ट मोठा मॉन्स्टर उतरणं ही झाली. पेटनची वेळ हुकली. तिथं "जेव्हा"च्या जागी "जर" असतं तर हुकली नसती. एका शब्दावर एवढं अवलंबून ठेवायचं आणि तो शब्द मुंगीएवढ्या अक्षरात छापायचा, याला मी कावेबाजपणा म्हणतो. 2011 पासून त्यांनी पत्त्यांची भाषा शिस्तीत आणली: अपूर्णविरामाच्या आधी अट, अर्धविरामाच्या आधी किंमत, त्यानंतर परिणाम. चांगलं केलं. "जेव्हा"चा सापळा मात्र तसाच ठेवला. खेळणाऱ्याला शिक्षा व्हावी ती चुकीच्या चालीची. व्याकरणाच्या पेपरात नापास झाल्याची कशाला?

तरीही, कोनामी निदान लिहून तरी देते. पत्ता हातात आहे, वाचता येतो, हुकण्याचं कारण दाखवता येतं. आमच्याकडे वेळ हुकते तेव्हा काय होतं ते पाहा. 2016 पासून पंतप्रधान पीक विमा योजना आहे. शेतात पाणी घुसलं, कापून टाकलेलं सोयाबीन सुडीत भिजलं, तर 72 तासांत कळवायचं असा नियम होता. इथं क्रमाचा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे. पण घड्याळ कधी सुरू झालं हे कोण ठरवणार? पाऊस तीन दिवस पडत राहिला तर नुकसान पहिल्या दिवशी झालं की तिसऱ्या? पंप बुडालेला, वीज गेलेली, मोबाइल बंद, ॲप उघडत नाही. आणि नंतर उत्तर यायचं, सूचना उशिरा आली. 2023 च्या खरिपात राज्यानं एक रुपयात विमा दिला, गाजावाजा केला. 2025 च्या खरिपापासून एक रुपयाही गेला आणि स्थानिक आपत्तीचे ट्रिगरही गेले. भरपाई उरली ती पीक कापणी प्रयोगावर. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं रानं खरवडून नेली. म्हणजे संकट मैदानात उतरलं तेव्हा उत्तर द्यायचा पत्ता आधीच संचातून काढून घेतलेला होता. खेळात याला निदान "नवीन बंदी यादी" म्हणतात आणि ती लागू होण्याची तारीख आधी जाहीर करतात.

ज्यांना हे सगळं लेकरांपुरतं वाटतं, त्यांनी 2022 चा जून आठवावा. मी कोणत्याच गटाचा नाही. माझ्या गटात चार लेकरं आणि झेरॉक्सचे पत्ते आहेत. विधानसभेच्या उपाध्यक्षांनी 25 जूनला बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. बंडखोरांचं म्हणणं, उपाध्यक्षांना हटवण्याची आमचीच नोटीस पडून आहे, मग ते आम्हाला अपात्र कसे ठरवणार? आधार होता 2016 चा नबाम रेबिया निकाल: हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षांनी अपात्रता ठरवू नये. ओट्यावरच्या भाषेत सांगायचं, तर टायफून अजून सुटलाही नाही, नुसता जाहीर झाला, आणि तेवढ्यानं मिरर फोर्स गोठला! कोनामीच्या कोणत्याही पंचानं हे मान्य केलं नसतं. 27 जूनला सर्वोच्च न्यायालयानं उत्तराची मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली. 28 ला राज्यपालांनी बहुमत चाचणीचं पत्र काढलं, चाचणी 30 ला. म्हणजे पहिला दुवा लटकलेलाच, आणि त्याच्या डोक्यावरून नवा डाव सुरू. 29 च्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

मग 11 मे 2023 ला घटनापीठ म्हणालं, की बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण राजीनामा स्वतःहून दिलेला असल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येणार नाही. नबाम रेबियाचा प्रश्न सात न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. मॅजिकच्या नियमांत हे आधीपासून लिहिलेलं आहे: खेळाडू कोणत्याही क्षणी हार मानू शकतो, आणि मानली की तो तत्क्षणी डावाबाहेर. समोरच्याची चाल बेकायदा होती हे नंतर सिद्ध झालं तरी तुम्ही टेबलावरून उठलेले असता. माझ्या ओट्यावर बारा वर्षांचं पोरगं रागानं पत्ते फेकून उठतं तेव्हा मी त्याला एवढंच सांगतो: बस खाली, आधी चेन सुटू दे. मुंबईत त्या रात्री हे सांगणारं कोणी नसावं, किंवा असलं तरी ऐकणारं नसावं. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला: कोणत्याच गटाचा कोणीही अपात्र नाही. दीड वर्ष चाललेल्या डावाचा हा निकाल ओट्यावर दिला असता, तर लेकरांनी मला पत्ते फेकून मारले असते.

आणि सभागृहात पत्ते चालतच नाहीत असंही नाही. 2025 च्या जुलैत विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ फिरला. त्यांनी ते नाकारलं, जाहिरात बंद करत होतो म्हणाले. काही दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर मी काही बोलत नाही. काही चेन अशा असतात की त्यात आपण दुवा जोडायची गरज नसते.

"हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत असलं काही नाही" ही शेवटची पळवाट. तीही बंद करतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण 120. त्यात दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगानं सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाच्या. शिवाय अर्ध्या रंगांत एक्क्यापासून दहापर्यंतची उतरंड उलटी. म्हणजे दिवस कधी मावळला, यावर कोणाचा पत्ता आधी, हे ठरायचं! सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यानं, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी, ही कला पुन्हा उभी केली म्हणून आज ते लाखेचे गोल पत्ते निदान काचेच्या कपाटात दिसतात. लोक ते घेतात आणि भिंतीवर लावतात. खेळायला कोणी बसत नाही, कारण खेळायचं तर नियम शिकावे लागतात.

गंजिफा लांबची वाटत असेल तर मेंढीकोट घ्या, तो तर आमच्या लग्नघरात रात्रभर चालतो. बंद हुकूम म्हणजे काय असतं? एक पत्ता पालथा ठेवलेला. त्याचा रंग हुकूम, पण ठेवणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. उतरलेला रंग ज्याच्या हातात नाही त्यानं मागितल्यावरच तो उघडायचा. उघडायच्या आधी त्याच रंगाचा पत्ता टाकला असेल तर तो हुकूम धरायचा का? मागणाऱ्यानं उघडल्यावर हुकमानंच मारायचं की काहीही टाकलं तरी चालतं? या दोन प्रश्नांवर मी सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झालेले पाहिलेत. पालथा पत्ता, उलटायची वेळ, उलटल्यावर काय लागू होतं: कोनामीला हे 1999 मध्ये सुचलं, आमचे आजे हे मांडवात खेळत होते. फरक एवढाच, की त्यांनी लिहून काढलं आणि आम्ही "आमच्याकडं असंच खेळतात" यावर थांबलो. टेंभुर्णीत एक, भोकरदनला दुसरं, नदी ओलांडून बुलढाण्याच्या बाजूला गेलं की तिसरं. पाहुणा आला की पहिला तास भांडणात.

म्हणून माझ्या ओट्यावर आता शिस्त आहे. पत्ता टाकायचा तर आधी मोठ्यानं वाचायचा. इंग्रजी येत नसेल तर मी मराठीत लिहून चिकटवलंय, ते वाच. मग थांबायचं आणि समोरच्याला विचारायचं: "काही आहे का?" तो "नाही" म्हणाला की मगच पत्त्याचं काम करायचं. "नाही" म्हटल्यावर "अरे थांब थांब, होतं" चालणार नाही. किंमत आधी मोजायची, आणि मोजलेली परत नाही. सोनेरी प्लास्टिक ओट्यावर आणायचं नाही. आणलंच तर चहाच्या कपाखाली ठेवायला वापरायचं, त्याला ते बरं असतं.

परवा एका पोराचे वडील तक्रार घेऊन आले. चांगला माणूस, दुकान आहे, चार लोकांत उठबस आहे. "सर, तुमच्यामुळं पोरगं उलट बोलायला लागलं. काल मी म्हणलं मोबाइल ठेव. तर म्हणतं, तुमच्या आधी आईनं घे म्हणलं होतं, तिचं अजून सुटलं नाही, तर आधी कोणाचं लागू?"

मी म्हटलं, प्रश्न तर बरोबर आहे. मग काय ठरलं?

"ठरतंय काय, दिली एक कानाखाली."

चौथा वेग. कोनामीच्या पुस्तकात नाही.